नासरच्या गाडीची उंची

पावसाळा मुरला की वसईच्या बाजारात ओल्या खजुराची एक हातगाडी येते. पिवळेधमक घोस, काही लालसर, वर निळं प्लास्टिक ताणलेलं. गाडीवाला दर वर्षी म्हणतो, "आंटी, एकदम मीठा है," आणि दर वर्षी मी एक दाणा दाताखाली फोडते. जीभ तुरट होते, आणि मी त्याला सांगते, "बाबा, हा अजून व्हायचाय." त्याला ते पटत नाही. पिवळा दिसला की त्याच्या लेखी खजूर झाला. मला मात्र एका बाईने अंगठ्याने दाबून दाखवलंय की तो नेमका कधी होतो. त्या बाईने दिलेला धक्का इतक्या वर्षांत माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही.

यंदा घोस घेताना मन थाऱ्यावर नव्हतं. माझा मुलगा ग्लेन रविवारी पुण्याहून येणार होता. नवी गाडी घेतलीय त्याने, ती दाखवायला, आणि त्याच गाडीतून मला कायमची पुण्याला न्यायला. "मम्मा, तू अलोन काय करते तिकडे?" असं तो फोनवर म्हणतो. त्याचं मराठी मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये अडखळायला लागलं ते आजवर अडखळतंच आहे. अलोन काय करते, ह्याचं उत्तर फोनवर देता येत नाही. विहिरीवर जाते, केळी बघते, शेजारच्या बायांशी भांडते, बस्त्यावच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते. हे सगळं त्याच्या कानाला काहीच न करण्यासारखं लागतं.

बस्त्याव म्हणजे माझा नवरा. ओमानला वादी अदाईत एका गॅरेजात तो गाड्यांच्या पोटाखालचं काम करायचा: पाटे, स्प्रिंगा, ब्रेकचे पाइप, सगळं. खाली गॅरेज, वर आमच्या दोन खोल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर बघून हबकलेच होते. डोंगर म्हणजे हिरवा, एवढंच मला माहीत. ह्यांच्यावर गवताची काडी नाही. "ह्यांना कुणी सोललं का रे?" मी विचारलं, आणि बस्त्याव रस्त्याच्या कडेला थांबून हसला होता. मग उन्हाळा आला आणि थंड पाण्याच्या नळाला चहाचं पाणी यायला लागलं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापायची. शेजारणीने युक्ती सांगितली: गीझर बंद ठेव आणि गरम पाण्याचा नळ सोड, त्यात रात्रीचं निवलेलं पाणी असतं. थंड हवं तर गरम नळ. पुढे गावी आल्यावरही माझा हात कित्येकदा चुकीच्या नळाकडे जायचा.

अशा एका उन्हाळ्यात, खजूर नुकताच पिवळा व्हायला लागला होता तेव्हा, नासर आपली पिकअप घेऊन गॅरेजात शिरला. मी वरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अमेरिकन गाडी, पुढे दोन चाकं आणि मागे चार, दोन-दोन जोडीने लावलेली. मागची बाजू अशी फुगलेली की पोरं कडेवर घेतलेल्या बाईसारखी वाटली मला. नासर डोंगरापलीकडे अल अमेरातला राहायचा. पांढरा कडक डिशडाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, नक्षीची टोपी, अंगाला अत्तराचा वास. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक ओमानी माणसाला सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत, तसे त्यालाही म्हणत. त्याने बस्त्यावला गाडी दाखवली आणि हाताने हवेत उंची दाखवली. "ऊपर करो, बस्तियान. बड़ा टायर डालो. बहुत बड़ा. यल्ला."

बस्त्याव जेवायला वर आला तेव्हा कुरकुरत होता. तरण्या पोरांना गाड्या उंच करून वाळूत नाचवायची हौस असते, ते त्याला माहीत होतं. पण नासर तरणा नव्हता, आणि ही गाडी नाचवायची नव्हे, ओझी वाहायची. "नाकापेक्षा मोती जड," तो म्हणाला. "ज्याला जीप घ्यायची तो हत्ती घेऊन आलाय, आणि वर म्हणतो हत्तीला अजून उंच कर."

कारण मला कळलं, त्याला नाही. त्याचं असं झालं की नासरबरोबर त्याची आई आली होती. गॅरेजात पुरुषांच्या घोळक्यात ती बसणार कशी? नासर जिन्यापाशी येऊन मान खाली घालून म्हणाला, "माँ, ऊपर बैठेगा?" मी म्हटलं, बैठेगा. आणि उम्म नासर माझ्या स्वयंपाकघरात आली. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, उम्म नासर म्हणजे नासरची आई. माझ्या मुलाचं नाव विचारून तिने तिथल्या तिथे मला उम्म ग्लेन करून टाकलं. फिलोमिना हे नाव तिने ऐकलंही नाही.

ती बुटकी होती. माझ्या खांद्याच्या जरा खालीच. वाळलेली, पण ताठ. बरोबर कहव्याचा, म्हणजे त्यांच्या कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा, म्हणजे पाहुणीच पाहुणचार करणार. तिला हिंदी येत नव्हतं आणि मला अरबी बाजारापुरतं. तरी पहिल्याच दिवशी तिने मला सगळं सांगितलं, बोटांनी, डोळ्यांनी, टेबलावर सांडलेल्या पिठात रेघा ओढून. डोंगरात आत तिचं गाव. तिथे तिच्या बापाने लावलेली खजुराची बाग, बागेतून दगडी पाटाने वाहणारं पाणी. धाकटी बहीण तिथेच असते. हिवाळ्यात ही आजारी पडली म्हणून मुलाने बकऱ्यांसकट खाली अमेरातला आणली, एसीच्या घरात. त्याच हिवाळ्यात वादीला पूर आला. वादी म्हणजे कोरडी नदी, तीच त्यांच्या गावाची वाट. पुराने वाटेत हे एवढाले धोंडे आणून टाकले. साध्या गाडीचं पोट त्यांच्यावर टेकतं. बकऱ्या खाली, बाई खाली, आणि बाग वर पिकतेय.

तिने डब्यातला एक पिवळा दाणा उचलला, अंगठ्याने दाबला. दबला नाही. मग एक अर्धा तपकिरी झालेला उचलला. तो मऊ दबला. "रुतब," ती म्हणाली, आणि डोंगराकडे बोट केलं. मला कळलं. झाडावरचा दाणा असा मऊ व्हायच्या आत तिला तिथे, झाडाखाली असायचं होतं. तो डबा खाली किनाऱ्यावरच्या बरक्याच्या बाजारातल्या खजुराचा होता. तिने एक तोंडात टाकला, नवरीच्या माहेरचा स्वयंपाक खाल्ल्यासारखा चेहरा केला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

तर खाली पुरुषांना गाडी किती उंच करायची ते ठाऊक होतं आणि वर आम्हाला कशासाठी ते. मी बस्त्यावला सांगितलं तेव्हा त्याची कुरकुर थांबली. बकऱ्या, पाण्याचं पिंप, धान्याची पोती, सगळं न्यायचं म्हणून ही ओझ्याची गाडी. मग तो हात धुऊन कामाला लागला. पुढून-मागून गाडी वीतभर उचलली, ब्रेकचे पाइप लांब केले, चाकं फिरवणारा मधला दांडा तिरका जायला लागला त्याचा कोन सुधारला. मोठे टायर आले. रत्नागिरीकडचा रफिक टायरांचं काम बघायचा. त्याने मागची जोडी चढवली आणि बस्त्यावला हाक मारली. दोन टायरांच्या मधे बोटभरही जागा उरली नव्हती.

मला हे पटेना. बसले ना टायर? मग झालं की. बस्त्यावने जेवताना समजावलं, "एका बाकावर दोन जाडी माणसं शेजारी बसली तर मांडीला मांडी घासते का नाही? ओझं पडलं की टायर फुगतो. फुगला की शेजारच्याला घासतो. घासला की तापतो. आणि ह्या उन्हात, त्या चढावर, तापला की फुटतो." फुटतो म्हणताना त्याने जिन्याकडे पाहिलं, कारण उम्म नासर त्या वेळी जिना चढत होती.

उपाय होता, दोन चाकांच्या मधे बसवायची जाड लोखंडी कडी आणि लांब बोल्ट. ते यायचे दुबईहून. नासरला थांबवत नव्हतं. "इन्शाल्ला कुछ नहीं होगा," तो म्हणाला. "इन्शाल्ला बराबर अर्बाब," बस्त्याव म्हणाला, "पर कड़ी भी मांगता." गॅरेजचा मालक गाडी सोडा म्हणत होता. बस्त्याव ऐकेना. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा माणूस. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "फिलू, म्हातारी त्या टायरांवर बसणार आहे," आणि आमटी वाढून घेतली.

मग ते वाट बघण्याचे दिवस. माझ्या आठवणीत तो उन्हाळा म्हणजे खिडकीतून दिसणारी, मागची चाकं काढून ठोकळ्यांवर टेकवलेली ती गाडी आणि जिन्यावर वाजणाऱ्या चपला. नासर दर दोन-तीन दिवसांनी चौकशीला यायचा आणि आई बरोबर असायचीच. दारातून ती विचारायची, "खलास?" म्हणजे झालं का? मी म्हणायची, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. ती डबा उघडायची. दर खेपेला डब्यात पिवळे कमी आणि तपकिरी जास्त. मी भाकरी थापायची, ती थापलेली भाकरी उलटी करून बघायची आणि मान हलवायची. तिने मला कहव्यात वेलची किती ते शिकवलं, मी तिला सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने अजून मागितली. पण हसता हसता मधेच तिची नजर खिडकीतून डोंगरावर जाऊन थांबायची. एकदा तिने दाबलेला दाणा इतका पिकला होता की बी बाहेर आली. त्या दिवशी तिने काहीच खाल्लं नाही, आणि मला दुबईच्या त्या कड्यांचा असा राग आला की काय सांगू.

शेवटी कड्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तयार. ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून नासर बकऱ्यांना टेम्पोत घालून उजाडताच आला होता. गाडी खरंच देखणी दिसत होती. जोडटायरांमधून आता हात आरपार जायचा. रफिकने टायरांना काळं पॉलिश लावलं होतं. बकऱ्या हातोहात वर चढल्या आणि वरून सगळ्यांना न्याहाळायला लागल्या. बस्त्याव मला हळूच म्हणाला, "आता हा खरंच उंटावरून शेळ्या हाकणार." सगळे खुशीत होते. मी उम्म नासरला हाताला धरून खाली आणलं.

ती गाडीच्या दारापाशी गेली आणि थांबली. गाडीत पाय ठेवायची जागा तिच्या छातीला आली होती.

टायर मोजले होते, कड्या मोजल्या होत्या, पाइप, बोल्ट, दांडे, धोंड्यांचा अंदाजसुद्धा घेतला होता. म्हातारी एवढे दिवस जिना चढ-उतार करत होती आणि तिची उंची कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बस्त्याव आ वासून उभा. रफिकने टोपी काढली आणि परत घातली. नासर आईकडे बघे, गाडीकडे बघे, परत आईकडे बघे. जिच्यासाठी गाडी उंच केली तिलाच गाडी पोचत नव्हती. असं कुणी गोष्टीत लिहिलं तर मी म्हणेन, उगाच काहीतरी.

मग एकेकाला कंठ फुटला. बस्त्याव म्हणाला, पायरी वेल्ड करून देतो, उद्यापर्यंत. उद्या हा शब्द तिला आता कळत होता. तिने जोरात मान हलवली. कुणीतरी फोर्कलिफ्ट आणू म्हणालं, त्याला मीच डोळे वटारले. परक्या पुरुषांनी हात लावणं तर शक्यच नव्हतं. नासर तिला उचलायला पुढे झाला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. ती काही पोतं नव्हती. रफिकने ऑइलचा खोका आणून दारापाशी ठेवला. ती त्यावर चढली. खोका डगमगला, ती कलंडली, मी तिला कशीबशी सावरली. खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मला वाटलं, संपलं. आता ही अमेरातला परत जाणार, एसीच्या खोलीत बसणार आणि बाजारचा डबा उघडणार.

तिने श्वास घेतला आणि शांतपणे काहीतरी म्हणाली. नासरचा चेहरा बदलला. मी रफिककडे पाहिलं, त्याला अरबी यायचं.

"खाला बोलते," रफिक हळू आवाजात म्हणाला, "उंट कितीपण उंच असला तरी माणसासाठी खाली बसतो. ही गाडी बसत नाय."

नासरने टोपी काढून बोनेटवर ठेवली आणि तेलाने काळ्या झालेल्या त्या जमिनीवर, पांढऱ्या डिशडाशासकट, तो गुडघ्यांवर बसला. मग कोपरं टेकली, मग कपाळ. उंट बसतो तसा, टप्प्याटप्प्याने. गॅरेजात कुठलंसं मशीन चालू होतं ते कुणीतरी बंद केलं.

उम्म नासरने चपला काढल्या. त्या माझ्या हातात दिल्या. अनवाणी पावलांनी ती मुलाच्या पाठीवर चढून बसली आणि दाराची मूठ धरली. मग नासर उठला, आधी मागून, मग हातांवर, सावकाश. आणि ती त्या पाठीवरून सीटवर अशी सरकली जशी आयुष्यभर उंटावरूनच सरकत आली होती. नासर उभा राहिला तेव्हा कपाळापासून गुडघ्यांपर्यंत काळा झाला होता. त्याने झटकलंही नाही. "यल्ला," एवढंच म्हणून तो स्टिअरिंगपाशी जाऊन बसला.

आम्ही सगळे गार पडलो होतो. माणूस एवढ्या मोठ्या घरचा, आणि आमच्यासारख्या परक्या कामगारांसमोर! बस्त्यावने डोळे पुसले आणि "उन्हामुळे" म्हणाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की चपला माझ्याच हातात राहिल्या होत्या. मी त्या वर नेल्या, दारामागे ठेवल्या. अनवाणी गेली बिचारी, असं मी दिवसभर म्हणत होते.

धक्का खरा पुढेच होता. खजुराचा हंगाम सरत आला तेव्हा नासर परत आला, गाडी धुळीने माखलेली. झावळ्यांची एक मोठी टोपली त्याने माझ्या दारात ठेवली. बागेतला रुतब. मी एक दाणा तोंडात टाकला आणि बरक्याच्या डब्याला ती तसा चेहरा का करायची ते मला एका क्षणात कळलं. मग तो खाली गेला आणि बस्त्यावला म्हणाला, "नीचे करो, बस्तियान. सब पहले जैसा."

बस्त्यावला वाटलं काम बिघडलं. टायर घासले का? नाही. आवाज येतो? नाही, गाडी एक नंबर. मग? नासर जमिनीकडे बघत म्हणाला, "माँ बोला. बोला, मैं ऊपर आ गया, अभी गाड़ी नीचे करो. ऊँचा गाड़ी रहेगा, तो तुम एक दिन मेरे को वापस लेके जाएगा."

"आणि तुम्ही ऐकलं?" बस्त्याव मराठीतच बोलून गेला, मग हिंदीत विचारलं. मग तुम्ही भेटायला कसे जाणार?

"पैदल. गाड़ी नीचे छोड़ेगा, फिर चलेगा. माँ बोला, जिसको मिलने का है, चलके आएगा." तो थोडा हसला. "माँ बोला, खलास."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मी तिथेच पायरीवर बसले. ह्या बाईने सगळ्या गॅरेजला राबवलं, दुबईहून लोखंड आणवलं, मुलाला जमिनीवर बसवलं, वर गेली, आणि गेल्यावर शिडी काढून घेतली. रागवावं की हात जोडावे तेच मला कळेना. मी धावत चपला आणल्या. म्हटलं, आईला द्या, विसरून गेल्या होत्या.

नासरने त्या घेतल्या नाहीत. "मैं भी माँ को बोला, चप्पल उम्म ग्लेन के पास भूल गया. माँ हँसा. बोला, भूला नहीं, रखा. जिसको वापस आने का नहीं, उसको चप्पल कायको होना?"

बस्त्यावने गाडी खाली केली. जेवढ्या निगुतीने चढवली होती तेवढ्याच निगुतीने. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा बिघाड नसलेलं काम उलटं केलं. तो बराच वेळ हसत होता. मी मात्र त्या काळात नासरचीच बाजू घ्यायची. ग्लेन लहान होता माझा. मला वाटायचं, मुलगा एवढा राबला आणि आईने त्याला पायी चालायला लावलं, ही कसली आई?

पुढे दर उन्हाळ्याला टोपली येत राहिली. एका वर्षी टोपली आली नाही. नासर आला, रिकाम्या हातांनी. आई बागेतच गेली, म्हणाला, सकाळी पाटावर पाणी बघायला गेली होती. मी दारामागच्या चपला आणून दिल्या. ह्या खेपेला त्याने त्या दोन्ही हातांत घेतल्या आणि हातांतच धरून जिना उतरला.

रविवारी ग्लेन आला. गाडी काळी, चकचकीत, आणि उंच. हल्ली सगळ्यांना उंचच लागतात. "मम्मा, थोडी हाय आहे, पण मी सोल्यूशन आणलंय," असं म्हणत त्याने मागून घडीचं स्टूल काढलं, दाराखाली मांडलं, हलत तर नाही ना म्हणून हाताने दाबून पाहिलं. गुणी आहे माझा पोर. माझे गुडघे त्याच्या लक्षात होते. नासरने आईचं माप घेतलं नव्हतं, पण कुठे जायचंय ते आईने सांगितलं होतं. ग्लेनने माप बरोबर घेतलं होतं, आणि कुठे जायचं तेही त्यानेच ठरवून टाकलं होतं.

"बॅग कुठे आहे, मम्मा?"

"भरली नाही."

मी स्टुलाजवळ गेले. गाडीच्या दारावरून हात फिरवला, छान आहे म्हटलं, मनापासून म्हटलं. मग पायांतल्या चपलांकडे पाहिलं. काढल्या नाहीत.

"खजूर आणलाय," मी म्हटलं. "अजून व्हायचाय. तू दर रविवारी येऊन बघून जा. चल, चहा टाकते."

स्टुलाशेजारी ग्लेन आ वासून उभा होता, त्या सकाळी बस्त्याव उभा होता अगदी तसाच.